दिवाळं निघालं, तरी हा गडी लोकांना घेऊन आल्प्समध्ये गेलाच

बेंबळीच्या स्टँडवर एसटीची वाट बघत मोबाईल चाळला तरी स्वित्झर्लंडच्या टूरची जाहिरात समोर येते. बर्फाचे डोंगर, हॉटेल, जेवण, सोबत टूर मॅनेजर. सगळं एकाच पॅकेजमध्ये.

आपल्याकडं दिंडीत मुक्काम, जेवण, रस्ता आधीच ठरलेला असतो. परदेशातल्या सहलीला अशी शिस्त लावून त्याचा जगभर धंदा उभा करणाऱ्यांमध्ये सगळ्यात मोठं नाव म्हणजे थॉमस कुक.

अनेकांना हे फक्त कंपनीचं नाव वाटतं. पण हा खराखुरा माणूस होता, आणि तोही गरिबाघरचा.

१८०८ साली इंग्लंडच्या डर्बीशायरमधल्या मेलबर्न गावात त्याचा जन्म झाला. वडील लहानपणीच गेले. दहाव्या वर्षी शाळा सुटली आणि तो बागेत मजुरीला लागला. पुढं एका नातेवाईकाकडं सुतारकाम शिकला. विसाव्या वर्षी धर्मप्रचारक झाला आणि गावोगाव पायी फिरू लागला.

दारूबंदी हा त्याचा ध्यास. १८४१ च्या जून महिन्यात अशाच एका सभेला चालत जाताना त्याच्या डोक्यात आलं की, सभेला येणाऱ्यांसाठी अख्खी रेल्वेच ठरवली तर?

५ जुलै १८४१ रोजी सुमारे ५०० लोक एक शिलिंग भरून लेस्टरहून लफबरोला गेले. रेल्वेच्या सहली त्याआधीही निघत होत्या. कुकचं वेगळेपण पुढं दिसलं. तो आधी स्वतः जाऊन रस्ता बघायचा, हॉटेलवाल्यांशी बोलायचा, माहितीपुस्तिका छापायचा आणि मगच लोकांना न्यायचा.

तरीही गडबड झालीच. १८४६ साली तो ३५० लोकांना स्कॉटलंडला घेऊन निघाला. रेल्वेत शौचालय नव्हतं. वाटेत ठरलेला चहा मिळाला नाही. बोटीवर केबिन कमी पडल्या आणि बऱ्याच जणांनी रात्र डेकवर भिजत काढली. त्याच वर्षी कुकचं दिवाळं निघालं.

दुसरा कुणी असता तर पुन्हा सुतारकामाकडं वळला असता. कुक मात्र पुन्हा सहली काढायला लागला. १८५१ च्या लंडनमधल्या भव्य प्रदर्शनाला त्यानं दीड लाखांहून जास्त लोक नेले.

मग १८६२ साली स्कॉटलंडच्या रेल्वे कंपन्यांनी त्याला स्वस्तातली तिकिटं देणं बंद केलं. हातातला मोठा धंदा गेला. कुकनं नजर वळवली आल्प्सकडं.

आल्प्सची सफर तोवर मुख्यतः पैसेवाल्यांची हौस होती. १८६३ च्या जूनअखेर कुकचा गट लंडनहून निघाला. त्यात जेमिमा मॉरेल नावाची एक तरुणी होती. तिनं रोजनिशी लिहिली, म्हणून आपल्याला ही सफर आज तपशिलानं कळते. घेरदार झगे घातलेल्या बायका हातात काठी घेऊन मेर द ग्लास या हिमनदीवर चालल्या. कुक काही अंतर सोबत होता. पुढं एका छोट्या गटानं गेमी खिंड पायी ओलांडली आणि रिगी डोंगरावरून सूर्योदय पाहिला.

पैसेवाल्यांनी नाकं मुरडली. कुक मेंढरांचे कळप आणतोय, अशी त्याची टिंगल झाली. पण शिक्षक, कारकून, एकट्यादुकट्या बायका त्याच्या भरवशावर परदेश बघायला लागल्या होत्या.

१८७२ साली तर त्यानं जगप्रदक्षिणाच काढली. २२२ दिवसांची. अमेरिका, जपान, चीन करत तो भारतात आला आणि रेल्वेनं मुंबई गाठून बोटीनं पुढं गेला. १८८१ साली कंपनीचं ऑफिस मुंबईत सुरू झालं.

तोवर कुक मात्र स्वतःच्याच कंपनीबाहेर पडला होता. मुलगा जॉन हिशेबाला पक्का. बाप समाजकार्य समजून सवलती देणारा. दोघांचं पटेना. १८७८ च्या सुमारास थॉमसनं कारभार सोडला. १८८० साली मुलगी ॲनी अपघातात गेली, चार वर्षांनी बायकोही गेली. जगाला डोंगर दाखवणाऱ्या या माणसाची स्वतःची दृष्टीही शेवटी गेली. १८ जुलै १८९२ रोजी लेस्टरमध्ये तो वारला. मागं राहिली जेमतेम अडीच हजार पौंडांची मालमत्ता.

सप्टेंबर २०१९ मध्ये ब्रिटनमधली थॉमस कुक कंपनी बुडाली आणि लाखो पर्यटक परदेशात अडकले. भारतातली थॉमस कुक २०१२ पासूनच वेगळ्या मालकीची होती, त्यामुळं ती सुरूच राहिली.

कुक विकत होता तो भरवसा. आपल्या आधी कुणीतरी हा रस्ता बघून आलंय, एवढाच. आजही टूरचे पैसे भरताना आपण तोच विकत घेतो.