केशवसुत : घराची ओढ आणि न घडलेले परतणे

मराठी काव्यपरंपरेत घरी परतण्याची ओढ ही दीर्घकाळ प्रामुख्याने सासुरवाशिणीची होती. जात्यावरच्या ओवीने तिला शब्द दिले आणि वारकरी संतांनी पंढरीला माहेर मानून त्याच ओढीला आध्यात्मिक अर्थ दिला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या परंपरेत एक नवा वियोगी दाखल झाला. इंग्रजी शिक्षणासाठी, पुढे नोकरीसाठी गाव सोडावा लागलेला तरुण हा तो वियोगी होय. कृष्णाजी केशव दामले ऊर्फ केशवसुत यांचे जीवन या दृष्टीने पाहिल्यास त्यांच्या कवितेतील काही दुवे अधिक स्पष्ट होतात.

केशवसुतांचा जन्म १८६६ साली रत्नागिरी जिल्ह्यातील मालगुंड येथे झाला. वडील केशव विठ्ठल दामले हे शिक्षक होते. शिक्षकी सोडल्यानंतर ते दापोलीजवळील वळणे येथे विश्वनाथ नारायण मंडलिक यांच्या खोतीची व्यवस्था पाहू लागले. त्यामुळे जन्मगाव आणि बाळपणीचे घर ही केशवसुतांच्या बाबतीत दोन भिन्न स्थळे ठरली आणि त्यांतील दुसरे तर वडिलांच्या चाकरीशी बांधलेले होते. ज्या घराची ओढ पुढे त्यांच्या कवितेत उतरली, त्याचा पाया असा आरंभापासूनच अस्थिर होता.

शिक्षणासाठी ते बडोद्यास, नंतर वऱ्हाड-नागपूरकडे व अखेर पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये गेले. नागपुरात त्यांचा नारायण वामन टिळकांशी परिचय झाला. या भ्रमंतीमुळे मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण होण्यास १८८९ साल उजाडले. त्यांच्या आरंभीच्या कवितांतील घराची आठवण या पार्श्वभूमीवर वाचावी लागते. एका कवितेत मित्राशी घरच्या गोष्टी बोलता बोलता रात्र सरत जाते, तर दुसऱ्या एका कवितेत नैर्ऋत्येकडून येणाऱ्या वाऱ्याला उद्देशून मनोगत सांगितले आहे. हा वारा घाट चढण्यापूर्वी कोकणाला स्पर्शून आलेला असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे दिशेच्या निवडीतील अर्थ कळतो. या रचनांत कवी स्वतः घरी पोहोचत नाही. त्याचे मन तेवढे पोहोचते.

पुढील आयुष्यात हे अंतर वाढतच गेले. मुंबईतील तुटपुंज्या वेतनाच्या नोकऱ्यांच्या काळातच १८९३ मध्ये ‘तुतारी’ लिहिली गेली. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली आणि त्यानंतर त्यांनी ते शहर सोडले. खानदेशातील भडगाव, मग फैजपूर व १९०४ मध्ये धारवाड असा त्यांच्या शिक्षकी पेशाचा प्रवास झाला. बंधू मोरो केशव दामले अध्यापनानिमित्त उज्जयिनीस होते. एकाच घरातील माणसे अशी दूरदूरच्या प्रांतांत विखुरली होती.

‘नवा शिपाई’ ही १८९८ ची कविता या क्रमात महत्त्वाची आहे. जात व पंथ यांच्या मर्यादा नाकारून सर्वत्र आपलीच भावंडे आणि आपल्याच घराच्या खुणा पाहणारा मनुष्य तीत बोलतो. या भूमिकेचे श्रेय सामान्यतः नव्या मानवतावादी विचारांना दिले जाते, व ते योग्यच आहे. परंतु विश्वाला घर मानणारी ही दृष्टी केवळ वाचनातून आलेली नाही. ज्याला परतण्यासाठी एक निश्चित घर उरले नाही, त्याने घराची कल्पनाच विस्तारली, असे म्हणण्यास त्यांचे चरित्र आधार देते. बंडखोर केशवसुत आणि गावासाठी झुरणारे केशवसुत अशी विभागणी त्यामुळे अपुरी ठरते.

तथापि या विस्ताराने मूळची उणीव भरून निघाली, असेही म्हणता येत नाही. १९०५ मधील ‘हरपले श्रेय’ या कवितेत जे हरवले त्याच्या शोधाची व्याकुळता पुन्हा प्रकट होते. आता तिला गावाचे नाव नाही, वाऱ्याची दिशाही नाही. आरंभीच्या कवितेत हरवलेली वस्तू कोठे आहे हे कवीला ठाऊक होते. अखेरीस तेही उरले नाही. त्याच वर्षी ७ नोव्हेंबर रोजी हुबळी येथे प्लेगनेच त्यांचा अंत झाला. लवकरच पत्नीचेही निधन झाले.

हरि नारायण आपटे यांनी १९१७ साली त्यांच्या कवितांचा संग्रह प्रसिद्ध केला. मालगुंड येथे १९९४ मध्ये त्यांचे स्मारक उभे राहिले. जन्मस्थळी कवीचे नाव परतले, ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र अभ्यासकाला या स्मारकाइतकेच वळणे, भडगाव, फैजपूर आणि धारवाड यांचेही स्मरण ठेवावे लागेल. घर आणि मुक्काम यांतील याच अंतरात त्यांची कविता घडली.