धन्यवादित फ्रेडरिक ओझानाम : गरिबांच्या दारी जाणारा प्राध्यापक

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर अशा आपल्या उपनगरांतील अनेक धर्मग्रामांत संत विन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद गाजावाजा न करता सेवा करीत असतात. कोणाच्या घरी महिन्याचे धान्य पोहोचते, कोणाच्या औषधांची सोय होते, तर कोणाच्या मुलाची शाळेची फी भरली जाते. या सेवाकार्याचे प्रमुख संस्थापक धन्यवादित फ्रेडरिक ओझानाम यांच्या जीवनाची ओळख मात्र आपल्यापैकी अनेकांना नसते. ८ सप्टेंबर रोजी आपण वांद्र्याच्या मोतमाऊलीच्या चरणी जातो. पवित्र मरियेच्या त्याच जन्मोत्सवाच्या दिवशी, १८५३ साली, त्यांचे निधन झाले.

फ्रेडरिक यांचा जन्म २३ एप्रिल १८१३ रोजी इटलीतील मिलान शहरात एका फ्रेंच कुटुंबात झाला. पुढे हे कुटुंब फ्रान्समधील लिआँ शहरी परतले. चौदा भावंडांपैकी बहुतेक बालपणीच दगावली होती, त्यामुळे दुःख या घराला अपरिचित नव्हते. वडील डॉक्टर होते व गरीब रुग्णांवर विनामूल्य उपचार करीत. आईही आजारी गरिबांच्या घरी जाऊन त्यांची शुश्रूषा करी. दुसऱ्याच्या घराचा जिना चढून जाण्याची सवय फ्रेडरिक यांना अशी आईवडिलांकडूनच लाभली.

तारुण्यात पदार्पण करताना श्रद्धेविषयीच्या शंकांनी त्यांना ग्रासले. फादर न्वारो या विद्वान धर्मगुरूंच्या मार्गदर्शनामुळे ते त्या अंधारातून बाहेर आले. १८३१ साली कायद्याच्या अभ्यासासाठी ते पॅरिसला गेले. तेथे थोर शास्त्रज्ञ अँपिअर यांच्या घरी त्यांना आश्रय मिळाला. विजेच्या प्रवाहाच्या एककाला ज्यांचे नाव दिले आहे, तेच हे अँपिअर. एवढा मोठा शास्त्रज्ञ किती नम्रपणे प्रार्थना करतो, हे या तरुणाने जवळून पाहिले.

१८३२ साली पॅरिसमध्ये पटकीच्या साथीने हजारोंचे बळी घेतले. त्याच सुमारास फ्रेडरिक व त्यांचे मित्र विद्यार्थ्यांच्या चर्चामंडळात ख्रिस्तसभेची बाजू हिरिरीने मांडीत असत. एकदा विरोधकांनी त्यांना रोकडा प्रश्न केला : ख्रिस्तसभेने पूर्वी पुष्कळ केले असेल, पण तुम्ही आज गरिबांसाठी काय करता? हा प्रश्न फ्रेडरिक यांच्या जिव्हारी लागला. युक्तिवादाने त्याचे उत्तर देता येणार नाही, हे त्यांनी ओळखले. २३ एप्रिल १८३३ रोजी, म्हणजे त्यांच्या विसाव्या वाढदिवशी, सहा विद्यार्थी आणि वयाने ज्येष्ठ असलेले संपादक एमॅन्युएल बेयी अशा सात जणांची पहिली सभा झाली. हीच या सोसायटीची सुरुवात होय.

मन भरून आले तरी मदत कशी करावी, हे या विद्यार्थ्यांना ठाऊक नव्हते. ते त्यांना शिकविले धर्मभगिनी रोझाली रेंदू यांनी. पॅरिसच्या एका अत्यंत दरिद्री वस्तीत त्या अनेक वर्षे सेवा करीत होत्या. कोणत्या घरी जावे, तेथे बसून कसे ऐकावे, भाकरीची चिठ्ठी देताना समोरच्याचा मान कसा राखावा, हे धडे त्यांनी या तरुणांना दिले. दोघांनी मिळून जावे, नियमित जावे आणि त्या घरचे गुपित बाहेर बोलू नये, ही सोसायटीची शिस्त आजही पाळली जाते.

फ्रेडरिक हे धर्मगुरू नव्हते, संन्यासीही नव्हते. १८४१ साली त्यांनी अमेली सुलाक्रुआ यांच्याशी विवाह केला व १८४५ साली त्यांना मारी ही कन्या झाली. सोरबोन विद्यापीठात ते परकीय साहित्य शिकवीत. महाकवी दान्ते हा त्यांच्या संशोधनाचा विषय होता. संसार, अध्यापन व लेखन सांभाळून त्यांनी गरिबांच्या घरी जाणे कधी सोडले नाही. आपल्याला वेळ नाही, असे म्हणणाऱ्या आपणा प्रापंचिकांना त्यांचे जीवन विचार करायला लावते.

केवळ दानावर ते समाधानी नव्हते. दान जखमेवर मलमपट्टी करते, परंतु जखम होऊच नये यासाठी न्याय हवा, अशी त्यांची धारणा होती. कामगाराच्या वेतनात कुटुंबाचे पोट भरावे, मुलांचे शिक्षण व्हावे आणि म्हातारपणाचीही तरतूद व्हावी, असा विचार त्यांनी लिआँमधील व्याख्यानांत मांडला. पोप तेरावे लिओ यांचे कामगारविषयक परिपत्रक त्यानंतर सुमारे पन्नास वर्षांनी, १८९१ साली प्रसिद्ध झाले. १८४८ च्या जून महिन्यात पॅरिसच्या रस्त्यांवर कामगार व सैन्य यांच्यात रक्तपात सुरू झाला, तेव्हा आर्चबिशप आफ्र यांनी शांतीसाठी मध्यस्थी करावी, अशी विनंती करणाऱ्यांत फ्रेडरिक होते. आर्चबिशप गेले, त्यांना गोळी लागली व त्यातच त्यांचा अंत झाला. हे दुःख फ्रेडरिक यांना सोसावे लागले, तरी त्यांनी कामगारांची बाजू सोडली नाही.

अतिश्रमांनी व मूत्रपिंडाच्या विकाराने त्यांची प्रकृती ढासळली. इटलीहून परतताना मार्सेय येथे, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. २२ ऑगस्ट १९९७ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी पॅरिसमध्ये, जागतिक युवा दिनाच्या सोहळ्यात, त्यांना धन्यवादित घोषित केले. धर्मभगिनी रोझाली यांनाही २००३ साली हा सन्मान लाभला.

ओझानाम यांच्या निधनानंतर दहाच वर्षांनी, १८६३ साली, भारतातील पहिली शाखा आपल्या पुण्यात स्थापन झाली. तेव्हापासून या कार्याने महाराष्ट्रात मूळ धरले आहे.

आज आपल्या उपनगरांतील दारिद्र्य पुष्कळदा बंद दाराआड असते. मुलुंड ते घाटकोपर पट्ट्यातील कारखाने एकामागून एक बंद पडले, तेव्हा कित्येक घरांतील कर्ते पुरुष ऐन चाळिशीत घरी बसले. २०२० च्या टाळेबंदीत रोजंदारीवरच्या माणसांचे उत्पन्न एका रात्रीत थांबले. इमारत चांगली दिसते, रविवारी मिस्सेला येताना कपडे नीटनेटके असतात, परंतु घरात आजारपण, थकलेले भाडे किंवा व्यसनाधीन माणूस असतो. अशी कुटुंबे लाजेपोटी मागत नाहीत. धान्यवाटपाच्या रांगेत ती कधीच दिसणार नाहीत. म्हणूनच ओझानाम यांची घरोघर भेट देण्याची पद्धत आजही तितकीच आवश्यक आहे.

आपल्या शेजारी असे कुटुंब असेल, तर धर्मगुरूंच्या अथवा सोसायटीच्या सभासदांच्या कानी घालावे. त्याची वाच्यता इतरत्र करू नये. संकट आपल्याच घरी आले असेल, तर संकोच न बाळगता सांगावे. मदत घेणे हा कमीपणा नाही, कारण आज घेणारा हात उद्या देणाराही होतो. आणि ज्यांना आठवड्यातून एखादी संध्याकाळ देता येईल, त्यांनी आपल्या धर्मग्रामातील सोसायटीच्या सभेला अवश्य जावे. विशेषतः आपल्या तरुणांनी जावे, कारण हे कार्य उभे करणारे ओझानामही त्या दिवशी अवघे वीस वर्षांचे होते.

धन्यवादित फ्रेडरिक ओझानाम, आम्हासाठी विनंती करा.