वाहिनी कोणाची, तेल कोणाचे?

ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय मालमत्ता रोखीकरण योजना जाहीर केली. रस्ते, रेल्वे, वीजवाहिन्या यांच्याबरोबरच सार्वजनिक क्षेत्रातील तेलवाहिन्या आणि वायुवाहिन्याही ठरावीक मुदतीसाठी खासगी गुंतवणूकदारांच्या हाती सोपवून पैसा उभा करायचा, अशी ती योजना होती. चार वर्षांत सुमारे सहा लाख कोटी रुपयांचे उद्दिष्ट होते. सरकार वडिलोपार्जित ठेवा विकायला निघाले आहे, असा आरोप विरोधकांनी केला. मालकी सरकारकडेच राहणार असून केवळ वापराचा हक्क दिला जात आहे, असे उत्तर सरकारने दिले. मालकी आणि वापर यांची ही फारकत नवीन नव्हती. साठ वर्षांपूर्वी ती तेलवाहिन्यांच्या संदर्भातच कायद्यात आली होती आणि तेव्हा त्या खात्याचे मंत्री होते केशवदेव मालवीय.

मालवीयांचा जन्म १९०४ मध्ये अलाहाबादचा. कानपूरच्या हारकोर्ट बटलर तंत्रसंस्थेत त्यांनी तेल-तंत्रज्ञानाचे शिक्षण घेतले, पण नोकरी न धरता ते काँग्रेसच्या चळवळीत उतरले आणि त्यांनी तुरुंगवास भोगला. स्वातंत्र्यानंतर उत्तर प्रदेशच्या राजकारणातून ते दिल्लीत आले. १९५२ च्या पहिल्या लोकसभेत निवडून आल्यावर मौलाना आझादांच्या मंत्रालयात नैसर्गिक संपत्ती आणि वैज्ञानिक संशोधन हा विभाग त्यांच्याकडे आला. त्या काळच्या दिल्लीत हे दुय्यम खाते समजले जाई. मालवीयांनी मात्र या दुय्यम खात्यातूनच तेलाच्या प्रश्नाला हात घातला.

तेव्हा देशातील तेलाचा कारभार जवळजवळ पूर्णपणे परकीय कंपन्यांच्या हाती होता. आसामात दिग्बोईला ब्रिटिश मालकीची आसाम ऑइल कंपनी होती. मुंबईजवळ तुर्भ्याला स्टॅनव्हॅक आणि बर्मा-शेल यांचे, तर विशाखापट्टणमला कॅल्टेक्सचे तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहत होते. १९५१ ते १९५३ या काळात या कंपन्यांशी झालेल्या करारांनुसार सरकारने पंचवीस वर्षे राष्ट्रीयीकरण न करण्याची हमी दिली होती. कच्चे तेल कोठून आणायचे हेही कंपन्याच ठरवीत. भारतात फारसे तेल नाही, असा तज्ज्ञांचा सूर होता आणि ते तज्ज्ञही बहुधा याच कंपन्यांच्या वर्तुळातले होते. मालवीयांनी या मतावर विश्वास ठेवण्यास नकार दिला. १९५५ मध्ये ते शिष्टमंडळ घेऊन युरोप आणि सोव्हिएत संघात गेले, तेथून भूगर्भतज्ज्ञ बोलावले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या संचालनालयाचे रूपांतर १९५६ मध्ये तेल आणि नैसर्गिक वायू आयोगात झाले. १९५८ मध्ये खंबातजवळ लुणेज येथे तेल लागले, १९६० मध्ये अंकलेश्वरला. मालवीयांची पैज खरी ठरली.

तेल सापडणे हा प्रश्नाचा अर्धाच भाग होता. उरलेला अर्धा भाग आसामात समोर आला. १९५३ मध्ये नाहरकटियाला आणि १९५६ मध्ये मोरानला आसाम ऑइलला मोठे साठे मिळाले होते. दिग्बोईच्या जुन्या कारखान्याला ते झेपणारे नव्हते. आसाम उर्वरित देशाशी एकेरी मीटरगेज रेल्वेने जोडलेला होता आणि फाळणीनंतर बंगालमधून जाणारा सरळ मार्ग पूर्व पाकिस्तानमुळे तुटला होता. हे तेल बाहेर काढण्याचा व्यवहार्य मार्ग जमिनीखालून टाकलेल्या वाहिनीचा होता. ही वाहिनी ज्याच्या मालकीची, तोच तेलाचा दर आणि त्याची दिशा ठरविणार, हे बर्मा ऑइलला जसे ठाऊक होते तसेच मालवीयांनाही.

दीर्घ वाटाघाटींनंतर १९५८ मध्ये करार झाला आणि फेब्रुवारी १९५९ मध्ये ऑइल इंडिया लिमिटेड ही कंपनी नोंदली गेली. नाहरकटिया आणि मोरानच्या तेलाचे उत्पादन आणि त्यासाठी वाहिनी बांधणे ही कामे तिच्याकडे आली. सुरुवातीला दोन तृतीयांश भाग बर्मा ऑइलचे आणि एक तृतीयांश सरकारचे होते. मालवीयांना ही विभागणी कधीच मान्य नव्हती. १९६१ मध्ये भागभांडवल निम्मे-निम्मे झाले. त्या बदल्यात भागधारकांना ठरावीक मर्यादेतील परतावा मिळत राहील, अशा रीतीने तेलाचा दर बांधण्याची तरतूद सरकारला मान्य करावी लागली. डाव्या खासदारांना ही तडजोड बोचली, तर उजव्यांना सरकारने तेलाच्या धंद्यात पडणेच मान्य नव्हते. मालवीयांची वाट या दोहोंमधून जात होती. संपूर्ण मालकी तत्काळ मिळणार नसेल, तर निर्णयात समान वाटा तरी मिळवायचा, असे त्यांचे धोरण होते.

वाहिनी कोठे जाणार हा वाद मालकीच्या वादापेक्षा उग्र ठरला. केंद्राने मोठा कारखाना बिहारमध्ये बरौनीला काढण्याचे ठरविले. तेथून तयार माल देशाच्या बाजारपेठेत पोहोचविणे सोपे होते. आसामच्या दृष्टीने मात्र याचा अर्थ एवढाच होता, की तेल आमच्या जमिनीतून निघणार आणि कारखाना, रोजगार दुसऱ्या राज्यात जाणार. १९५७ च्या सुमारास आसामात यावरून मोठे आंदोलन झाले. अखेर गुवाहाटीजवळ नूनमाटीला रुमानियाच्या साहाय्याने लहान कारखाना आणि बरौनीला सोव्हिएत साहाय्याने मोठा, अशी वाटणी झाली. नूनमाटीच्या कारखान्याचे उद्घाटन १ जानेवारी १९६२ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. नाहरकटिया ते बरौनी ही वाहिनी सुमारे १,१५७ किलोमीटर लांबीची होती. ब्रह्मपुत्रेसह अनेक नद्या ओलांडून, सिलिगुडीजवळच्या चिंचोळ्या पट्ट्यातून ती बिहारमध्ये उतरली. गुवाहाटीपर्यंतचा टप्पा १९६२ मध्ये सुरू झाला आणि पुढचा त्यानंतर दोन वर्षांच्या आत. देशाच्या दृष्टीने ते मोठेच काम होते. आसामच्या मनात मात्र या वाहिनीविषयी एक सल राहून गेला.

याच काळात मालवीयांना आणखी एक धडा मिळाला. १९६० मध्ये सोव्हिएत संघाने स्वस्त कच्चे तेल देऊ केले. मालवीयांनी तुर्भे आणि विशाखापट्टणमच्या कंपन्यांना ते शुद्ध करण्यास सांगितले आणि तिन्ही कंपन्यांनी नकार दिला. पन्नासच्या दशकातील करारांमुळे सरकारला सक्ती करता येईना. कंपन्यांनी दर काही प्रमाणात उतरविले, दामले समितीने त्यांच्या किमतींची छाननी केली, तरी मूळ अडचण कायम राहिली. देशात कारखाने होते, पण सरकारने आणलेल्या तेलाला त्यांचे दरवाजे बंद होते. स्वतःच्या मालकीचे कारखाने, स्वतःची वितरणव्यवस्था आणि त्यांना जोडणाऱ्या स्वतःच्या वाहिन्या यांवाचून तेलाचे स्वतंत्र धोरण शक्य नाही, हा मालवीयांचा आग्रह त्यानंतर अधिक ठाम झाला. १९५९ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन ऑइल कंपनीला त्यांनी पूर्ण बळ दिले. १९६४ मध्ये इंडियन रिफायनरीज तिच्यात विलीन होऊन आजचे महामंडळ झाले. गुवाहाटी ते सिलिगुडी ही त्याची पहिली वाहिनी त्याच वर्षी सुरू झाली.

वाहिन्यांचे जाळे पसरायचे तर हजारो शेतकऱ्यांच्या जमिनीतून जावे लागणार होते. जमीन संपादन करून विकत घेणे खर्चाचे होते आणि वाहिनी जमिनीखालून जाणार असल्याने त्याची गरजही नव्हती. यातून १९६२ चा पेट्रोलियम वाहिनी कायदा जन्मला. चीनच्या आक्रमणाच्या छायेतील त्या वर्षाच्या अखेरीस तो मंजूर झाला, तेव्हा त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. त्यातील कल्पना साधी होती. जमिनीची मालकी शेतकऱ्याकडेच राहील. वाहिनी टाकण्यापुरता वापराचा हक्क मात्र अधिसूचनेद्वारे सरकारकडे किंवा वाहिनी टाकणाऱ्या संस्थेकडे जाईल. शेतकऱ्याला पीक घेता येईल, पण त्या पट्ट्यात घर बांधता येणार नाही, विहीर किंवा तळे खोदता येणार नाही, झाड लावता येणार नाही. या निर्बंधांचा मोबदला म्हणून जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के रक्कम एकदाच मिळेल, आणि काम करताना काही नुकसान झाल्यास त्याची भरपाई वेगळी.

हा भाडेपट्टा नव्हता. भाडेपट्ट्याला मुदत असते आणि दरवर्षी भाडे मिळते. येथे मुदत नव्हती आणि भाडेही नव्हते. वाहिनी राष्ट्राची आहे आणि तिचा लाभ अखेरीस सर्वांनाच मिळणार आहे, या गृहीतकावर ही व्यवस्था उभी होती. मालवीयांच्या काळात ते गृहीतक पटण्याजोगे होते.

कायदा झाल्यानंतर वर्षाच्या आतच मालवीय मंत्रिपदावरून गेले. कोलकात्याच्या सिराजुद्दीन या खाणव्यावसायिक कंपनीकडून निवडणुकीसाठी पैसे घेतल्याचे प्रकरण निघाले. नेहरूंनी न्यायमूर्ती एस. के. दास यांच्याकडून चौकशी करविली आणि १९६३ मध्ये मालवीयांनी राजीनामा दिला. रक्कम आजच्या मानाने अगदीच किरकोळ होती आणि तेलकंपन्यांशी वैर घेतल्यानेच मालवीय गेले, असे त्यांचे चाहते मानत राहिले. पण दास यांचा अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही, त्यामुळे दोन्ही बाजूंचे समाधान झाले नाही. पुढे गुवाहाटी-सिलिगुडी आणि हल्दिया-बरौनी-कानपूर या वाहिन्यांच्या कामांविषयी तक्रारी झाल्या आणि १९७० मध्ये न्यायमूर्ती टाकरू यांचा चौकशी आयोग नेमावा लागला. सार्वजनिक मालकी आली म्हणजे सार्वजनिक हिशेब आपोआप येतो असे नाही, हे या दोन्ही प्रकरणांनी दाखविले.

मालवीय १९७१ मध्ये डुमरियागंजमधून पुन्हा लोकसभेत आले आणि १९७४ मध्ये इंदिरा गांधींनी पेट्रोलियम खाते त्यांच्या हाती दिले. तेलाच्या किमती जगभर भडकल्या होत्या. एस्सोचे अधिग्रहण त्यापूर्वीच सुरू झाले होते. १९७६ मध्ये बर्मा-शेल आणि पाठोपाठ कॅल्टेक्स सरकारच्या ताब्यात आली. एके काळी ज्या कारखान्यांनी मालवीयांचे तेल नाकारले होते, ते त्यांच्याच कारकिर्दीत राष्ट्राच्या मालकीचे झाले. आणीबाणीमुळे संसदेत तेव्हा मोकळी चर्चा होऊ शकली नाही, हीही त्या विजयाची एक बाजू होती. मे १९७६ मध्ये मुंबई हायचे उत्पादन सुरू झाले. प्रारंभी तेल जहाजांनी आणले जाई. उरणपर्यंतची समुद्राखालची वाहिनी १९७८ मध्ये सुरू झाली, तोवर १९७७ च्या जनता लाटेत मालवीय पराभूत होऊन बाजूला झाले होते.

अखेरच्या वर्षांत त्यांना आपल्याच वाहिनीचे एक वेगळे रूप पाहावे लागले. परकीय नागरिकांच्या प्रश्नावर पेटलेल्या आसाम आंदोलनाने १९७९ च्या अखेरीस तेलाची नाकेबंदी केली. १९८० मध्ये बरौनीचा कारखाना कच्च्या तेलाअभावी बंद पडला. १९५७ मधील सल पुन्हा वर आला होता. वाहिनी सरकारच्या मालकीची असली तरी ती ज्यांच्या भूमीतून जाते त्यांची संमती नसेल तर ती कोरडी पडते, हे दिल्लीला कळून चुकले. मालवीयांचे निधन मे १९८१ मध्ये झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बर्मा ऑइलचा उरलेला निम्मा वाटा घेऊन सरकारने ऑइल इंडिया पूर्णपणे ताब्यात घेतली. ज्यासाठी ते पंचवीस वर्षे झटले, ते त्यांच्या पश्चात पाच महिन्यांत घडले.

१९६२ चा कायदा त्यांच्या पश्चातही टिकून राहिला. त्याच्याच आधारे पुढे वायुवाहिन्या टाकल्या गेल्या आणि नव्वदच्या दशकानंतर खासगी कंपन्यांनाही वापराचा हक्क मिळू लागला. २००६ च्या कायद्याने नियामक मंडळाची तरतूद झाली आणि वाहिनीच्या मालकाने ठरलेल्या दराने इतरांचा मालही वाहावा, हे तत्त्व आले. गुजरातमधील शेतकऱ्यांनी जुन्या कायद्याला दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये फेटाळले आणि कायदा वैध ठरविला. २०१९ मध्ये काकिनाडा ते भरूच ही खासगी वायुवाहिनी ब्रुकफील्ड या कॅनडातील समूहाच्या गुंतवणूक न्यासाने सुमारे १३ हजार कोटी रुपयांना घेतली. ही वाहिनी महाराष्ट्रातूनही जाते. वाहिनी आता तेल किंवा वायू न विकणाऱ्यालाही नियमित उत्पन्न देणारी मालमत्ता झाली आहे.

वाहिन्यांच्या मालकीवर संसदेत जी चर्चा होते, ती सरकार आणि गुंतवणूकदार यांच्यापुरतीच होते. मुदत किती, परतावा किती, कोणाला किती क्षमता, असे प्रश्न विचारले जातात आणि ते रास्तही आहेत. पण या व्यवहारांत वाहिनीचा मालक बदलतो, भाडेकरू बदलतो आणि प्रत्येक वेळी कोणाला तरी नवी रक्कम मिळते. ज्याच्या शेताखालून ती जाते त्या शेतकऱ्याला मात्र दहा टक्के मोबदला एकदाच मिळालेला असतो, आणि विहीर खोदण्यावरची बंदी पुढच्या पिढीलाही लागू असते. वाहिनी राष्ट्राची असताना ज्या सवलतीचा आधार राष्ट्रहित हा होता, ती वाहिनी उत्पन्नाचे साधन झाल्यावर तशीच चालू ठेवायची का, हे ठरविण्याचे काम आजच्या संसदेचे आहे.