कानचा लॉर्ड ब्रूहॅम

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील कान शहराचे नाव आज चित्रपट-महोत्सवामुळे घरोघर पोहोचले आहे. १८३४ साली मात्र ते कोळ्यांचे एक लहानसे गाव होते. त्याचे दैव पालटले ते एका विलायती लॉर्डामुळे, आणि तेही पटकीच्या साथीच्या निमित्ताने!

हेन्री ब्रूहॅम याचा जन्म एडिंबरोचा, १७७८ चा. राजा चौथा जॉर्ज याने १८२० मध्ये आपल्या राणीशी काडीमोड घेऊ पाहिला, तेव्हा राणीचे वकीलपत्र घेऊन याने असा बचाव केला की सरकारला ते विधेयकच सोडून द्यावे लागले. १८३० मध्ये तो लॉर्ड चॅन्सेलर झाला. प्रिव्ही कौन्सिलची न्यायसमिती १८३३ ची, आणि ती मुख्यतः त्याच्याच खटपटीची. दत्तकाच्या व वतनाच्या दाव्यांत ज्यांच्या पूर्वजांनी मुंबईहून तेथवर अपिले नेली, त्यांना हे नाव अगदीच परके वाटू नये. ब्रूहॅम नावाची बंद घोडागाडीही याच्याच नावाची.

१८३४ च्या नोव्हेंबरात मंत्रिमंडळ गेले व त्याचे पदही गेले. माणूस कर्तबगार, पण हेकट आणि जिभेचा तिखट. स्वपक्षीयांनाही तो नकोसा झाला होता. पुन्हा त्याला अधिकारपद मिळाले नाही. घरी चिंता होती ती एलिनॉर लुईझा या मुलीची. थोरली तान्हेपणीच गेलेली, आणि हिचीही प्रकृती नाजूक. हिवाळा इटलीच्या उबदार हवेत काढावा म्हणून तो तिला घेऊन निघाला. वाटेत दक्षिण फ्रान्समध्ये पटकी पसरलेली. नीस शहर तेव्हा सार्डिनियाच्या राज्यात होते आणि सरहद्द व्हार नदीवर होती. तेथे क्वारंटीनच्या पहाऱ्याने गाडी अडविली. माजी लॉर्ड चॅन्सेलर असण्याचा काडीचा उपयोग झाला नाही! मागे फिरून त्याने कानच्या एका साध्या खानावळीत मुक्काम केला; तेथील ऊन, समुद्र आणि झाडी त्याच्या मनात भरली, आणि थोड्याच दिवसांत त्याने जमीन विकत घेतली.

नीसला इंग्रज मंडळी पूर्वीपासून हिवाळ्यात येत असत. कानकडे कोणी ढुंकून पाहत नसे. ब्रूहॅमने तेथे बंगला बांधला व त्याला मुलीचे नाव दिले. परंतु १८३९ च्या अखेरीस, अवघ्या सतराव्या वर्षी, ती वारली. लंडनमधील लिंकन्स इन या बॅरिस्टरांच्या संस्थेच्या प्रार्थनामंदिरात स्त्रियांचे दफन होत नसे. ब्रूहॅमने परवानगी मिळवून तिला तेथेच ठेवले. तिच्या स्मृतिशिलेवरचा लॅटिन लेख रचला वृद्ध मार्क्विस वेलस्लीने. हा तोच वेलस्ली, ज्याच्या अमलात वसईचा तह झाला आणि १८०३ मध्ये शिंदे-भोसल्यांशी युद्ध पेटले. आपण त्याला ओळखतो ते तहनाम्यांवरून. मित्राच्या मुलीसाठी लेख रचणारा हा म्हातारा आपल्या बखरींत कोठे भेटत नाही.

दुसरा कोणी असता तर त्याने तो बंगला विकला असता. ब्रूहॅम मात्र हिवाळ्यामागून हिवाळे तेथे येत राहिला. लुई फिलिप राजाकडे शब्द टाकून त्याने गावच्या बंदरासाठी पैसा मिळविला होता. त्याचे काम १८३८ मध्ये सुरू झाले. १८४८ च्या राज्यक्रांतीनंतर तर त्याने फ्रान्सचे नागरिकत्व मागितले! त्यासाठी स्वदेशातील लॉर्डपण सोडावे लागेल असे कळताच तो बेत बारगळला.

त्याच्यामागून इतर श्रीमंत इंग्रज आले, बंगले उठले, हॉटेले निघाली. हंगाम सारा हिवाळ्याचा. उन्हाळा लागला की बंगल्यांना कुलपे पडत. उन्हाळी समुद्रस्नानाची रीत तेथे विसाव्या शतकात रुजली. १८६३ मध्ये आगगाडी आली, आणि गाव मासळीपेक्षा पाहुण्यांवर अधिक जगू लागले.

७ मे १८६८ रोजी, नव्वदीला टेकलेला ब्रूहॅम कानलाच, मुलीच्या नावाच्या त्या घरात वारला. त्याचे थडगे तेथल्याच दफनभूमीत आहे, मुलीचे लंडनला.