तोम्तेला चेहरा देणारी येनी

सांताक्लॉज तुम्हाला चांगलाच माहितीये. पण दोस्तांनो, स्वीडनमध्ये ख्रिसमसला दार वाजवतो तो ‘तोम्ते’. पांढरी दाढी, लाल टोपी, बुटका आणि थोडा मिश्कील. आज स्वीडिश लोकांच्या डोळ्यांसमोर त्याचा जो चेहरा येतो, तो बराचसा एका बाईने घडवलाय. तिचं नाव येनी न्यूस्ट्रम.

आधी तोम्ते कोण ते बघू. जुन्या समजुतीप्रमाणे तो शेतघराचा राखणदार. माणसांना सहसा न दिसणारा, रात्री गोठ्यात फिरून गुरांची काळजी घेणारा. २४ डिसेंबरच्या रात्री त्याच्यासाठी वाडगाभर खीर ठेवायची, वर लोण्याचा गोळा. विसरलात तर स्वारी रुसणार आणि वर्षभर खोड्या काढणार! भेटवस्तू आणायचं काम मात्र त्याच्याकडे नव्हतं. ते करायचा ‘युलबॉक’, म्हणजे ख्रिसमसचा बोकड. गवताच्या काड्यांचा बोकड आजही घराघरांत मांडतात, तो त्याचाच वारस.

येनीचा जन्म १८५४ सालचा, कालमार गावातला. वडील शिक्षक. पैसा बेताचा, पण पोरीचा हात चित्रकलेत पक्का. १८७३ मध्ये तिला स्टॉकहोमच्या रॉयल आर्ट अकादमीत प्रवेश मिळाला. तिथे मुलींना दारं उघडून जेमतेम नऊ वर्षं झाली होती. तिला व्हायचं होतं ‘मोठी’ चित्रकार. त्या काळी मोठं काम म्हणजे इतिहासातले प्रसंग, भव्य कॅनव्हास. राजा गुस्ताव वासाच्या बालपणावरच्या चित्राला पदक मिळालं आणि १८८२ मध्ये ती पॅरिसला गेली. १८८४ साली तिथल्या सलोन प्रदर्शनात तिचं चित्र लागलं. करिअर एकदम सेट, असंच कुणालाही वाटलं असतं.

पण शिकताना खर्चासाठी ती मासिकांची आणि पुस्तकांची चित्रंही काढायची. १८८१ मध्ये व्हिक्टर रिडबर्ग यांची तोम्तेवरची कविता एका साप्ताहिकात छापून आली, ती येनीच्या चित्रांसह. बर्फाळ रात्री एकटाच पहारा देणारा म्हातारा तिथे लोकांना दिसला. पुढे तिने त्याला आणखी हसरा केला आणि त्याच्या पाठीवर भेटवस्तूंची पोतडीही दिली. बोकडाचं काम हळूहळू तोम्तेकडे आलं, त्यात या चित्रांचा वाटा मोठा.

१८८७ मध्ये तिने डॅनियल स्टूपेंडालशी लग्न केलं. तो मेडिकलचा विद्यार्थी. त्याला क्षयाने गाठलं आणि शिक्षण अर्धवट राहिलं. घर चालवायची जबाबदारी आली येनीवर. भव्य कॅनव्हासवर वर्षभर काम करून गिऱ्हाइकाची वाट बघणं परवडणारं नव्हतं. ख्रिसमस कार्डांना मात्र मागणी होती. मग तिने कार्डं काढली, शेकडो. खीर खाणारा तोम्ते, लुसियाच्या पहाटे मेणबत्त्या घेतलेल्या मुली, बर्फातली लाल घरं, गवताचा बोकड. दुपारी तीनच्या आत सूर्य मावळणाऱ्या त्या महिन्यात ही कार्डं पोस्टातून घरोघरी पोहोचायची. मुलगा कर्टही पुढे याच कामात आला.

कलाविश्वाने या कामाला फार भाव दिला नाही. कार्डं म्हणजे पोटापाण्याचा धंदा, असाच सूर होता. आता तुम्हीच बघा. पदक मिळवणारं ते चित्र आज किती जणांना आठवतं? आणि तिचा तोम्ते? तो अजून दर डिसेंबरला छापला जातो.

स्वीडनमध्ये १३ जानेवारीला ख्रिसमस संपतो. झाडाभोवती शेवटचा नाच होतो, उरलेली मिठाई मुलं फस्त करतात आणि झाड घराबाहेर जातं. १९४६ साली हा दिवस झाला आणि चारच दिवसांनी, १७ जानेवारीला, ९१ वर्षांची येनी गेली. झाड काढलं तसं तिचं काम कुणी घराबाहेर काढलं नाही. उद्या तुमच्या हातात स्वप्नातलं काम नसेल, घरासाठी करावं लागणारं काम असेल, तेव्हा ही बाई आठवा. तिने ते कधी उरकून टाकलं नाही.