रुपयातला ठरलेला वाटा

उरण तालुक्यातल्या कितीतरी घरांनी गेल्या पन्नास वर्षांत दोन प्रकारचा पैसा पाहिला. एक भातशेतीचा, मिठागराचा, मोरा-करंजाच्या मासळीचा. तो थोडा थोडा येई आणि थोडा थोडा जाई. दुसरा जमिनीच्या मोबदल्याचा. नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या, जानेवारी १९८४ च्या आंदोलनात पाच जणांनी प्राण दिले आणि पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला. १९८९ साली न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले. अनेकांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या न पाहिलेली रक्कम एकदम आली. काही घरांनी ती राखली, काहींच्या हातून ती पाहता पाहता निसटली. असे का होते, याचा विचार करताना याच कोकण किनाऱ्यावर, उरणच्या दक्षिणेला वाढलेल्या एका माणसाचे आयुष्य आठवते. त्याच्या हाती एकरकमी पैसा कधी आलाच नाही. हा माणूस म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे.

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा. घर मुरुडचे, जंजिऱ्याजवळचे नव्हे, तर दापोली तालुक्यातले. घराण्याला एके काळी बरे दिवस होते, पण अण्णांच्या लहानपणी ते सरले होते. वडील कारकुनीसारख्या कामावर संसार रेटत होते. १८७५ साली परीक्षेला बसण्यासाठी हा मुलगा सोबत्यांबरोबर मुरुडहून साताऱ्यापर्यंत, शंभराहून अधिक मैल, घाट चढून पायी गेला. तिथे तो वयाने लहान दिसतो म्हणून त्याला परीक्षेलाच बसू दिले नाही. तसाच परत आला. मॅट्रिक व्हायला त्याला विसावे वर्षही मागे टाकावे लागले, आणि १८८४ मध्ये गणित घेऊन तो मुंबईत बी. ए. झाला.

मुंबईतले दिवस शिकवण्यांचे होते. पदवीनंतर अण्णा एकाहून अधिक शाळांत गणित शिकवत. पायपीट फार, पैसा बेताचा. याच काळात त्यांनी दोन गोष्टी अंगी बाणवल्या. पहिली म्हणजे हिशेब लिहिण्याची. दुसरी म्हणजे मिळकतीतला एक लहानसा वाटा आधीच बाजूला काढण्याची. हा वाटा महिनाअखेरी उरलेला नसे. पैसा हातात येताच तो वेगळा होई. हीच रीत त्यांनी गावकऱ्यांनाही लावली. नोकरीधंद्यानिमित्त बाहेर गेलेल्या मुरुडकरांनी आपल्या उत्पन्नातला ठरलेला अल्प हिस्सा गावासाठी द्यावा, यासाठी त्यांनी मुरुड फंड उभा केला. कुणालाही जड जाणार नाही एवढीच रक्कम, पण ती नियमाने द्यायची. अशा पैशातून गावची कामे होऊ लागली.

१८९१ मध्ये गोखल्यांच्या बोलावण्यावरून ते फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. पगार ७५ रुपये. त्याच वर्षी पहिली पत्नी राधाबाई वारल्या. १८९३ साली अण्णांनी विधवा असलेल्या गोदूबाईंशी विवाह केला. त्याच पुढे आनंदीबाई, घरच्यांच्या बाया. या विवाहामुळे मुरुडने त्यांना वाळीत टाकले. ज्या गावासाठी फंड उभा केला, त्या गावाने दार लावून घेतले. तरी अण्णांनी शिल्लक टाकायची सवय सोडली नाही.

१८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम सुरू झाला. १९०० साली पुण्याजवळ हिंगण्याला रावबहादूर गोखल्यांनी दिलेल्या जागेवर सुमारे ५०० रुपयांत एक झोपडी उभी राहिली. कॉलेजचे तास संपले की अण्णा सामानसुमान घेऊन पायी हिंगण्याला जात आणि सकाळी परतत. आश्रमाचा पैन्‌पैचा हिशेब लोकांपुढे मांडला जाई. म्हणूनच अनोळखी माणसेही त्यांच्या हाती पैसे विश्वासाने देत. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ निघाले आणि १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी त्याला १५ लाखांची देणगी दिली. एवढी रक्कम दाराशी आली ती मागच्या वीस-पंचवीस वर्षांच्या वहीच्या जोरावर.

या गोष्टीला दुसरी बाजूही आहे, आणि ती सांगायलाच हवी. अण्णांनी आपली बचत, एवढेच नव्हे तर आयुर्विम्याची पॉलिसीही आश्रमाला देऊन टाकली. आनंदीबाईंना ते पटले नव्हते. मुलाबाळांचे पुढे काय, हा त्यांचा प्रश्न होता, आणि आजची कोणतीही गृहिणी त्यांच्याच बाजूने उभी राहील. अण्णांचा त्याग सर्वांना झेपणारा नाही. झेपावा असेही नाही. संसारी माणसाने त्यांच्याकडून घ्यायची ती ठरलेला वाटा काढण्याची शिस्त. विमा आणि अडीअडचणीची शिल्लक याबाबत मात्र आनंदीबाईंचे ऐकावे.

निवृत्तीनंतरही ही शिस्त सुटली नाही. १९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी शाळा नसलेल्या खेड्यांसाठी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. त्यासाठी पेन्शनीतून दरमहा ठरावीक रक्कम दिली आणि घरोघर फिरून वर्गण्या गोळा केल्या. १९५८ मध्ये शंभरी गाठताना भारतरत्न मिळाले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी ते गेले.

उरणच्या किंवा कुठल्याही घरात ही रीत आणायला मोठा पगार लागत नाही. पगार किंवा मासळीचा पैसा हाती येईल त्या दिवशी, वाण्याचे बिल देण्याआधी, त्यातला एक वाटा आवर्ती ठेवीत किंवा पोस्टात टाकावा. वाटा इतका लहान ठरवावा की वाईट महिन्यातही तो मोडावा लागू नये. मुलीचे शिक्षण, घराचे छप्पर, होडीची दुरुस्ती असे त्या पैशाला नाव द्यावे. बेनाव पैसा लवकर खर्च होतो. हिशेबाची वही घरातल्या मोठ्या मुलांनाही दिसेल अशी ठेवावी. जमिनीचा पैसा पुन्हा कधी आलाच, तर तो कुठे ठेवायचा हे तोवर त्या घराच्या अंगवळणी पडलेले असेल.