क्रांतिसिंह नाना पाटील : लोकसभेतील मराठी वाणी आणि बीडचे प्रतिनिधित्व

१. विषयाची मांडणी

मराठी गद्याच्या इतिहासात निबंध, कादंबरी, चरित्र आणि वृत्तपत्रीय लेखन यांचा जितका सविस्तर परामर्श घेतला गेला, तितका विधिमंडळीय वक्तृत्वाचा घेतला गेलेला नाही. याचे एक कारण उघड आहे. महाराष्ट्रातील ज्या विधिमंडळपटूंचा गौरव होत आला, त्यांची सभागृहातील वाणी बहुतांशी इंग्रजी होती. गोपाळ कृष्ण गोखले यांची केंद्रीय कायदेमंडळातील अर्थसंकल्पावरील भाषणे हा भारतीय संसदीय परंपरेचा पाया मानला जातो. तो पाया इंग्रजी भाषेत घातला गेला. स्वातंत्र्यानंतरही आकडेवारी, कायद्याची कलमे आणि इंग्रजी वाक्यरचनेवरील प्रभुत्व ही उत्तम संसदपटूची लक्षणे मानली गेली. या पार्श्वभूमीवर क्रांतिसिंह नाना पाटील यांची लोकसभेतील कारकीर्द वेगळ्या दृष्टीने पाहावी लागते. १९५७ मध्ये सातारा आणि १९६७ मध्ये बीड अशा दोन मतदारसंघांतून ते लोकसभेवर निवडून गेले आणि तेथे त्यांनी मराठीतून भाषण केले. संसदेत मराठीतून बोलणारे पहिले सदस्य म्हणून त्यांचे नाव परंपरेने सांगितले जाते. या घटनेकडे बहुधा एक कौतुकाची आठवण म्हणून पाहिले जाते. वस्तुतः लोकप्रतिनिधीची भाषा कोणती असावी, आणि त्याच्या बोलण्याची नोंद कोणत्या भाषेत राहावी, हा त्यामागील प्रश्न अधिक मूलगामी आहे.

२. जडणघडण

नाना रामचंद्र पाटील यांचा जन्म ३ ऑगस्ट १९०० रोजी झाला. त्यांचे मूळ आडनाव पिसाळ. वाळवा तालुक्यातील येडेमच्छिंद्र हे त्यांचे गाव. तेव्हा हा तालुका सातारा जिल्ह्यात होता, आज तो सांगली जिल्ह्यात आहे. मराठी शाळेतील शिक्षणानंतर त्यांनी काही काळ तलाठ्याची नोकरी केली. तलाठ्याचे दप्तर हे ग्रामीण अर्थव्यवहाराचे जवळून घडणारे दर्शन होय. सातबारा, पीकपाहणी, तगाई, शेतसारा, सावकाराचे खत या शब्दांमागील माणसे त्यांनी या नोकरीत पाहिली. पुढे त्यांच्या भाषणांत शेतीच्या अर्थकारणाची जी नेमकी जाण दिसते, तिचे मूळ येथे आहे. १९३० च्या कायदेभंगाच्या चळवळीत त्यांनी नोकरी सोडली.

त्यांच्या विचारांवर सत्यशोधक समाजाचा संस्कार होता. सातारा जिल्ह्यात सत्यशोधक विचार ग्रंथांपेक्षा जलशांतून अधिक पसरला होता. गण-गवळणीचा लोकपरिचित आकार घेऊन त्यात भिक्षुकशाही, सावकारी आणि अज्ञान यांवर टीका करणाऱ्या जलशाने ग्रामीण श्रोत्याला संवादात ओढण्याची एक रीत घडवली होती. नाना पाटलांच्या वक्तृत्वाचा विचार या रीतीपासून वेगळा काढून करता येत नाही.

१९४२ च्या आंदोलनात ते भूमिगत झाले. १९४३ ते १९४६ या काळात सातारा जिल्ह्यात उभे राहिलेले प्रतिसरकार हा त्यांच्या आयुष्यातील सर्वांत प्रसिद्ध अध्याय होय. नागनाथअण्णा नायकवडी, जी. डी. ऊर्फ बापू लाड, किसन वीर यांसारखे कार्यकर्ते या चळवळीत होते. गावोगावी न्यायदान मंडळे, तुफान सेना, दारूबंदी, कमी खर्चाचे विवाह, सावकार व गुंड यांचा बंदोबस्त असे प्रतिसरकारचे स्वरूप होते. लोकांनी त्याला पत्री सरकार म्हटले. हा शब्द स्वतःच भाषिक दृष्ट्या उद्बोधक आहे. राज्यशास्त्रातील एक संकल्पना ग्रामीण बोलीने एका ध्वनीच्या फेरफाराने आपलीशी केली आणि तळपायांवर बसणाऱ्या शिक्षेची आठवण तिच्यात गुंफली. सुमारे चार वर्षांच्या अज्ञातवासानंतर १९४६ मध्ये नाना पाटील कऱ्हाड येथे प्रकट झाले.

३. सभेची भाषा

नाना पाटील हे लेखक नव्हते. त्यांची शक्ती सभेत होती. वाळवा-तासगाव भागातील बोली, शेतीव्यवहारातील दृष्टान्त, म्हणींचा नेमका उपयोग, उपरोध आणि श्रोत्यांना प्रश्न विचारून त्यांच्याकडूनच उत्तर वदवून घेण्याची हातोटी ही त्यांच्या वक्तृत्वाची वैशिष्ट्ये सांगता येतील. एखादा मुद्दा सिद्ध करण्यासाठी ते शेतकऱ्याच्या घरातील जमाखर्च मांडत. या वक्तृत्वाला शाहिरीची जोड होती. शाहीर शंकरराव निकम यांच्या पोवाड्यांनी याच परिसरात सभा तापवल्या.

या प्रकारच्या वक्तृत्वात वक्ता आणि श्रोता यांचे अनुभवविश्व समान असते. त्यामुळे अर्धे वाक्य सूचक राहिले तरी चालते, आणि विराम हा शब्दाइतकाच अर्थपूर्ण ठरतो. अशा वाणीचे लेखन करणे कठीण, भाषांतर त्याहून कठीण. नाना पाटील दिल्लीला गेले तेव्हा त्यांच्यापुढे हीच अडचण उभी होती.

४. सातारा ते दिल्ली

स्वातंत्र्यानंतर नाना पाटील शेतकरी कामगार पक्षात आणि पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले. १९५५ मध्ये डहाणू येथे भरलेल्या अखिल भारतीय किसान सभेच्या अधिवेशनात त्यांची अध्यक्षपदी निवड झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले आणि १९५७ ची निवडणूक संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर लढवली गेली. संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचा मोठा पराभव केला. सातारा मतदारसंघातून नाना पाटील, मुंबईतून श्रीपाद अमृत डांगे, पुण्यातून ना. ग. गोरे, राजापुरातून नाथ पै, नाशिकमधून दादासाहेब गायकवाड असे सदस्य दुसऱ्या लोकसभेत गेले.

या सदस्यांतील भाषिक भेद लक्षणीय आहे. नाथ पै यांचे इंग्रजी वक्तृत्व सभागृहाने नावाजले. डांगे इंग्रजीत वादविवाद करण्यात निष्णात होते. नाना पाटलांचे साधन एकच होते, ते म्हणजे मराठी. ज्या मागणीसाठी मतदारांनी या सर्वांना पाठवले, ती मागणी एका भाषेच्या लोकांना त्यांचे राज्य मिळावे ही होती. तेव्हा त्या भाषेतूनच सभागृहात उभे राहणे हा त्या मागणीचा प्रत्यक्ष आविष्कार होता. भाषावार राज्याचे समर्थन करणारे इंग्रजी भाषण आणि मराठीतून केलेले भाषण यांचा आशय एक असला, तरी दुसऱ्यात मागणी आणि माध्यम यांचे ऐक्य आहे.

५. घटनात्मक तरतूद आणि तिच्या मर्यादा

भारतीय राज्यघटनेच्या १२० व्या अनुच्छेदानुसार संसदेचे कामकाज हिंदीत किंवा इंग्रजीत चालते. ज्या सदस्याला या दोन्ही भाषांत आपले म्हणणे पुरेसे व्यक्त करता येत नाही, त्याला मातृभाषेतून बोलण्याची अनुमती अध्यक्ष देऊ शकतात. या तरतुदीची शब्दयोजना बारकाईने पाहिली पाहिजे. तीत मातृभाषेतून बोलणे हा सदस्याचा हक्क म्हणून येत नाही. त्याच्या असमर्थतेसाठी दिलेली सवलत म्हणून येते. नाना पाटलांनी या सवलतीला प्रतिष्ठा मिळवून दिली. लक्षावधी मतदारांना जी भाषा समजते ती आपल्या प्रतिनिधीने बोलावी, यात उणेपणा कसला, हा त्यांच्या कृतीतून उभा राहणारा प्रश्न आहे.

व्यवहारात मात्र अडचणी मोठ्या होत्या. दुसऱ्या लोकसभेच्या काळात सभागृहात तात्काळ भाषांतराची सोय नव्हती. हिंदी आणि इंग्रजी यांच्यापुरती ती १९६४ मध्ये सुरू झाली. त्यामुळे मराठी भाषण सभागृहातील बहुसंख्य सदस्यांच्या दृष्टीने केवळ ध्वनी होते. प्रश्नोत्तरांच्या तासाचे तंत्र याहून कठोर असते. प्रश्नाची लेखी सूचना आधी द्यावी लागते. तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतात, अतारांकिताला लेखी. तारांकित प्रश्नाचे खरे बळ उत्तरानंतर विचारावयाच्या पुरवणी प्रश्नात असते. मंत्र्याच्या वाक्यातील पळवाट क्षणात ओळखून तीवर बोट ठेवावे लागते. मंत्री इंग्रजीत किंवा हिंदीत उत्तर देत असताना मराठीतून विचार करणाऱ्या सदस्याला ही संधी साधणे स्वभावतःच अवघड. म्हणून प्रश्नांची संख्या हे संसदीय कार्याचे एकमेव माप मानले, तर ते माप भाषेच्या दृष्टीने तटस्थ राहत नाही.

६. बीडचा कौल

१९६२ मध्ये सातारा मतदारसंघ काँग्रेसच्या किसन वीर यांच्याकडे गेला. प्रतिसरकारातील जुने सहकारी आता वेगवेगळ्या पक्षांत होते. १९६७ मध्ये सातारा येथून यशवंतराव चव्हाण आणि बीड येथून भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे उमेदवार म्हणून नाना पाटील निवडून आले. चव्हाण त्या वेळी केंद्रीय गृहमंत्री होते. बेचाळीसच्या साताऱ्यातील दोन माणसे चौथ्या लोकसभेत समोरासमोरच्या बाकांवर बसली.

कृष्णाकाठच्या सहासष्ट वर्षांच्या पुढाऱ्याला बालाघाटच्या डोंगररांगांतील जिल्ह्याने का निवडावे, याचा उलगडा बीडच्या इतिहासात मिळतो. १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथे राज्यकारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. सार्वजनिक सभांवर गश्ती निशाण त्रेपन्नसारख्या हुकमांचा अंमल होता. अंबाजोगाई हे मुकुंदराज आणि दासोपंत यांच्या स्मृतींचे गाव याच जिल्ह्यात. मराठी काव्याच्या आरंभाशी नाते सांगणाऱ्या या भूमीत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मराठीला राजदरबारी स्थान नव्हते. १९६७ च्या प्रौढ मतदाराने तो काळ स्वतः अनुभवला होता. कचेरीतील कागद परक्या भाषेत असला म्हणजे काय होते, हे त्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

राजकीय परंपराही अनुकूल होती. १९५२ मध्ये बीडने पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटचे रामचंद्र गोविंद परांजपे यांना लोकसभेत पाठवले होते. १९५७ आणि १९६२ या दोन निवडणुका काँग्रेसने जिंकल्या. १९६७ मध्ये नाना पाटील आले. १९७१ मध्ये पुन्हा काँग्रेस. आणि १९७७ मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे. पहिल्या सहा निवडणुकांपैकी तीन डाव्या विचाराच्या उमेदवारांनी जिंकल्या, ही गोष्ट या जिल्ह्याच्या प्रचलित प्रतिमेत सहसा लक्षात घेतली जात नाही.

बीड आणि कृष्णाकाठ यांच्यात आणखी एक नाते आहे, ते श्रमाचे. पाटोदा, आष्टी, शिरूर, धारूर, गेवराई या भागांतील कुटुंबे दिवाळीनंतर कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखान्यांकडे जातात. सहकारी कारखानदारी वाढली तसा हा प्रवाह मोठा झाला. नाना पाटलांच्या स्वतःच्या मुलखातील समृद्धी आणि त्यांच्या मतदारसंघातील स्थलांतर ही एकाच अर्थव्यवस्थेची दोन अंगे होती. पाणी हा या विषमतेचा गाभा. पैठण येथील जायकवाडी प्रकल्पाची पायाभरणी १९६५ मध्ये झाली आणि उद्घाटन १९७६ मध्ये. म्हणजे नाना पाटलांची बीडमधील मुदत धरण बांधले जात असण्याच्या काळात संपली. चौथी लोकसभा डिसेंबर १९७० मध्ये मुदतीआधीच विसर्जित झाली.

या टप्प्याचे मूल्यमापन करताना भक्तिभाव दूर ठेवला पाहिजे. नाना पाटील बीडचे रहिवासी नव्हते. तेवीस सदस्यांच्या पक्षगटातील एक वयोवृद्ध सदस्य सत्तेकडून कितीसे काम करवून घेऊ शकतो, हेही उघड आहे. शिवाय संसदीय पाठपुराव्याची फळे एका मुदतीत मोजता येत नाहीत. बीड शहरापर्यंत रेल्वे पोचण्यास १७ सप्टेंबर २०२५ हा दिवस उजाडावा लागला. दरम्यान या मतदारसंघाचे अनेक प्रतिनिधी होऊन गेले.

७. इतिवृत्त काय राखते?

लोकसभेचे इतिवृत्त हा शब्दशः नोंदीचा दस्तऐवज मानला जातो. परंतु हिंदी व इंग्रजीखेरीज अन्य भाषेतील भाषणांच्या बाबतीत या नोंदीत सामान्यतः भाषांतर छापले जाते आणि मूळ भाषण कोणत्या भाषेत झाले याचा उल्लेख तळटीपेत येतो. भाषांतरात मुद्दा राहतो, आकडा राहतो, मागणी राहते. म्हण जाते, उपरोधाची धार जाते, बोलीतील आपलेपणा जातो. नाना पाटलांसारख्या वक्त्याच्या बाबतीत हेच त्याचे सर्वस्व होते.

याचा परिणाम असा की, ज्याने सभागृहात मराठी उच्चारली त्याची मराठीच नोंदीच्या काठावर राहते. राजकीय इतिहासकाराला ही हानी किरकोळ वाटू शकेल, कारण त्याला आशय पुरेसा असतो. मराठीच्या अभ्यासकाला ती तशी वाटू नये. दलित आत्मकथने, ओव्या, लोकनाट्य यांच्या मौखिक परंपरेची दखल मराठी समीक्षेने घेतली. ग्रामीण राजकीय वक्तृत्वाची मौखिक परंपरा अद्याप त्या प्रमाणात अभ्यासली गेलेली नाही. प्रतिसरकारच्या सभा, किसान सभेची अधिवेशने, निवडणूक प्रचार आणि संसदेतील भाषण हे एकाच वाणीचे क्रमाक्रमाने आलेले टप्पे आहेत. पहिल्या तीन टप्प्यांवर श्रोता ती वाणी पुरी करत होता. चौथ्या टप्प्यावर तो श्रोता शेकडो कोस दूर, बीडच्या एखाद्या पारावर होता. म्हणून संसदेतील भाषणाचा अभ्यास करणाऱ्याने आधीच्या तीन टप्प्यांपासून सुरुवात केली, तरच भाषांतराच्या कोरड्या वाक्यामागील मूळ लय त्याला अंदाजता येईल.

८. समारोप

लोकसभेतून निवृत्त झाल्यावर नाना पाटील सहा वर्षे जगले. ६ डिसेंबर १९७६ रोजी मिरज येथे त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या इच्छेनुसार वाळवा येथे अंत्यसंस्कार झाले. तलाठ्याच्या दप्तरापासून संसदेच्या इतिवृत्तापर्यंतचा त्यांचा प्रवास हा एका अर्थाने कागदाशी चाललेला झगडा होता. पहिल्या कागदात शेतकऱ्याची जमीन लिहिली जात होती, पण त्याचे दुःख लिहिले जात नव्हते. शेवटच्या कागदात त्याचे दुःख लिहिले गेले, पण त्याच्या भाषेत नाही. प्रश्नांची संख्या, उपस्थितीचे दिवस आणि भाषणांची पृष्ठे यांवरून संसदपटूची योग्यता ठरवण्याची पद्धत उपयुक्त असली, तरी नाना पाटलांच्या कारकिर्दीपुढे ती अपुरी पडते. बीडच्या मतदाराने आपला प्रतिनिधी पाठवला आणि त्या प्रतिनिधीबरोबर आपली भाषाही पाठवली, ही घटना कोणत्याही तक्त्यात बसत नाही. तिची नोंद घेण्याची जबाबदारी मराठीच्या अभ्यासकांवर येते.